तुमच्या घरात त्याला काय म्हणतात?

युसूफ वडगाव,
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

प्रिय अल्ताफभाई,

अस्सलामु अलैकुम. तू, भाभी आणि मुलं खुशाल असाल. इकडे थंडीने अम्मीचे गुडघे धरलेत, तरी धाकट्या लुबनाच्या लग्नाच्या जोड्याला गोट्याची किनार लावायला ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. अब्बांच्या दुकानातलं मोटारींच्या वाइंडिंगचं जुनं मशीन विकायचं का, असं शेजारचे परवा विचारत होते. मी नाही म्हणून सांगितलं. तुला विचारायला हवं होतं, पण आपण बोलत नव्हतो.

पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर माझ्या पहिल्या वाक्याला तू ओरडतोस, तुझ्या पहिल्या वाक्याला मी फोन ठेवते, आणि मग अम्मी त्या फोनकडे बघत बसते. पत्राला मध्येच तोडता येत नाही. मराठीत लिहितेय, कारण मौलवीसाहेबांनी एवढा जीव काढूनही आपल्या दोघांची उर्दू अलिफ-बेच्या फार पुढे गेली नाही. शेवटी झेडपीच्या शाळेतली पोरं आपण.

तू माझ्या कामाला "घरं मोजायचं काम" म्हणतोस. सहा महिने झाले, नेमकं काय मोजते हे एकदाही विचारलं नाहीस. म्हणून न विचारता सांगते. पुण्याची एक संस्था आणि परदेशातलं एक विद्यापीठ मिळून हा अभ्यास करतात. आपल्यासारख्या गरीब मुलखात मेंदूचे आजार किती लोकांना आहेत आणि त्यातल्या किती जणांपर्यंत औषध पोचतच नाही, हे शोधायचं. आमच्या तुकडीच्या वाट्याला मिरगी आली आहे. हो, मिरगी. शब्द वाचून पत्र खाली ठेवू नकोस, हा शब्द अजून बऱ्याचदा येणार आहे.

जूनमध्ये हातात टॅब दिला. पहिला प्रश्न होता, "आपल्या कुटुंबात कोणास अपस्मार हा आजार आहे का?" अपस्मार ऐकून एका आजीने मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "सावकाश सांग बाई, कोण वारलं?" आम्ही पुण्याला कळवलं. त्यांनी सांगितलं, मग मिरगी म्हणा. मिरगी म्हटल्यावर आपल्या मोहल्ल्यात "अल्ला न करे" म्हणून दारं लागायला लागली, आणि इतर वस्त्यांवर नुसतं "न्हाई, न्हाई" सुरू झालं. चारशे घरं फिरलो, जवळजवळ दोन हजार माणसं, आणि सापडले तीन रुग्ण. पुण्याच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, एवढ्या लोकांत किमान दहा-पंधरा तरी असायलाच हवेत.

त्या तिघांचंही ऐक. हरिबा म्हणून एक म्हातारा आहे, शेळ्या राखतो, तुझ्या ओळखीचा नाही. मी भर उन्हात स्कूटीवरून वस्तीवर पोचले, घाईत होते. विचारलं, "बाबा, मिरगी हाय का घरात?"

"हाय की. दोन हाईत."

मी आनंदाने टॅब उघडला. आनंदाने, काय पण माणूस मी! "वय काय त्यांचं?"

"एक दोन वर्साची, एक चार."

"दोन्ही मुलीच?"

"पोरीवानीच की वो. हातानं पाजून वाडवल्यात."

"औषध चालू हाय?"

"तर. सरकारी डाक्टर येतो, टोचून जातो."

मी भरून टाकलं. दोन लहान मुली, उपचार सुरू. पुण्याला फार बरं वाटलं. आठवड्याने मॅडम स्वतः तपासायला आल्या, गुडघ्यावर मारायची ती रबरी हातोडी घेऊन, आणि पोरींसाठी बिस्किटं. हरिबा आत गेला आणि दोन शेळ्या कानाला धरून बाहेर घेऊन आला. "ह्या बगा. मिरगात जलमल्या म्हून मी मिरगीच म्हन्तो. ही गाबण हाय, हिला सुई नगा मारू."

म्हणजे आमच्या तीन रुग्णांतल्या दोघी शेळ्या निघाल्या. मॅडम आधी माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना खाटेवर बसावं लागलं. बिस्किटं शेळ्यांनीच खाल्ली. हरिबाची बायको ताराबाई तोंडाला पदर लावून हसत होती आणि मला मात्र जमीन दुभंगली तर बरं असं झालं होतं. एवढ्यात त्यांची सून धनश्री चहा घेऊन आली. तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजलेला होता, जुना आणि त्यावर पुन्हा नवा.

"हाताला काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"भाकरी करताना पाव्हणा आला," ताराबाई म्हणाली.

मॅडमनी मान हलवली. पाहुणा आला, घाई झाली, भाजलं. त्यांना यात काही खटकलं नाही. मला खटकलं. पाहुणा आला की सून चूल सोडून उठते, चुलीत पडत नाही. आणि ताराबाईने तो शब्द आवाज खाली आणून म्हटला होता. त्या आवाजात मी लहानाची मोठी झाले आहे, भाई.

मॅडम जीपकडे गेल्या तेव्हा मी मागे राहिले. ताराबाईला हळूच विचारलं, "पाव्हणा आला की तोंडाला फेस येतो का? कापडं खराब हुतात का? उठल्यावर तिला कायच आठवत न्हाई ना?"

ती म्हणाली, "तुला गं कसं म्हाईत?"

मी म्हटलं, पुस्तकात वाचलंय.

त्यानंतर मी प्रश्न बदलला. कुणाला न विचारता बदलला, खरं तर नोकरीच जायची. "आजार आहे का" असं विचारायचंच सोडलं. बसायचं, चहा घ्यायचा, माणूस कसा पडतो ते साध्या शब्दांत सांगायचं आणि मग विचारायचं, "तुमच्या घरात त्याला काय म्हणतात?" अल्ताफभाई, दारं उघडली रे. एका घरात त्याला मामा म्हणत होते, मामा आले, मामा गेले. एकीकडे दुकान बंद. कुणाकडे घेरी, कुणाकडे वाकडं वारं. एका शिक्षकांच्या घरी तर "परीक्षा" म्हणत होते. प्रत्येक घराचा आपापला शब्द, आणि शेजारच्या घरालाही तो माहीत नाही. तीच चारशे घरं पुन्हा फिरले आणि सतरा माणसं सापडली. सतरातल्या चौदा जणांनी कधी गोळी घेतलेली नव्हती. गोळी काही नवी नाही, शंभर वर्षांपूर्वीची आहे. शंभर वर्षांत ती हरिबाच्या वस्तीपर्यंत चालत आली नाही, आणि शेळ्यांचा डॉक्टर मात्र येऊन जातो.

ऑक्टोबरमध्ये मोठ्या लोकांची बैठक झाली, पडद्यावर पुणे आणि परदेश, इकडे आम्ही. एका साहेबांनी सांगितलं की या भागातले लोक अज्ञानामुळे आजार लपवतात. मला राहवलं नाही. मी उठून म्हणाले, "साहेब, लोक लपवत नव्हते. तुम्ही त्यांना त्यांचा शब्द सोडून सगळे शब्द विचारत होतात. आणि लपवत असतील तर अडाणी म्हणून नाही. सांगितल्यावर काय होतं ते त्यांनी पाहिलेलं असतं." मग मॅडम म्हणाल्या, "उज्मा, हा प्रश्न तुला सुचला कसा? केजच्या प्रशिक्षणात सगळ्यांना सांग."

मी म्हटलं, सहज सुचला.

आता तुला तरी सहज सुचला म्हणून कसं सांगू? मी नऊ वर्षांची होते. अब्बांच्या दुकानात तारांच्या भेंडोळ्यात पडले, सामान कोसळलं, शेजारून आवाज आला, क्या हुआ? आणि अम्मी आतून ओरडली, "कुछ नै, लाईट गई!" त्या दिवसापासून आपल्या घरात माझी लाईट जाते. वाइंडिंगवाल्याचं घर, गावात रोजचीच वीज जायची, कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं. अब्बांची चप्पल माझ्या नाकाशी धरायचास तू. तो कातड्याचा आणि ग्रीसचा वास अजून कुठे आला तर मी तिथून उठून जाते. रागावू नकोस, तूही बारा वर्षांचाच होतास आणि रडत धरायचास, हे मी विसरलेले नाही. शाळेत प्रार्थनेला पडले तेव्हा गुरुजींना तूच सांगितलंस, ऊन लागलं. माझं दप्तर तू वर्षभर उचललंस.

पण परळीचं मला विसरता येत नाही. लग्न ठरवताना तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत. मीही नाही. अडीच महिने मी सासरी गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवून घेतल्या मग एकदा चुकल्या आणि दुपारी मी पडले. सासूने घाबरून तोंडात उलथनं घातलं, माझा पुढचा दात अर्धा तुटला. त्यांनी परत पाठवलं तेव्हा मी त्यांना शिव्या दिल्या. आज म्हणते, त्यांची चूक नव्हती. फसवलं आपण होतं. आणि परत आल्यावर तू दुकानात बसून अब्बांना काय म्हणालास ते मी आतून ऐकत होते. "भांडून आली म्हणा. भांडखोर बाईचं दुसऱ्यांदा जमतं, मिरगीवालीचं पहिल्यांदाही नाही."

सहा वर्षं झाली. सगळ्या वडगावात मी भांडकुदळ. दात नवऱ्याशी मारामारी करताना तुटला, असं बायका सांगतात. भाजीवालीसुद्धा मला भाव सांगताना आधीच कमी सांगते. मी एकदाही भांडले नव्हते, भाई. भांडायला आत्ता शिकले आहे, आणि हे पत्र त्याचाच नमुना समज.

एक गोष्ट अजून लिहिली नाही, लिहावी लागेल. आमच्या सर्वेक्षणात आपलंही घर होतं. जुलैमध्ये मी ओसरीवर बसले, टॅब मांडीवर, अम्मी समोर मटकी निवडत होती. मी माझ्याच घराला प्रश्न विचारला आणि माझ्याच हाताने "नाही" दाबलं. अम्मीने मान वर केली नाही. नंतर ताराबाईला, शिक्षकांना, दुकान बंदवाल्यांना मी सांगत फिरले, लाजू नका, लपवू नका. रोज संध्याकाळी घरी येऊन व्हिटॅमिनच्या डबीतली गोळी घ्यायची आणि डबी परत कपड्यांखाली. एसटीच्या ड्रायव्हरबरोबर दर महिन्याला ती डबी तू आष्टीहून पाठवतोस, सहा वर्षांत एकदाही चुकला नाहीस. त्यासाठी मी तुझी कायम ऋणी आहे, हे मनापासून लिहितेय.

ऑक्टोबरच्या शेवटी तू म्हणालास, लुबनाचं लग्न होईपर्यंत काम सोड, घरोघर मिरगी-मिरगी करत फिरतेस, तिच्या होणाऱ्या सासरी, चकलांब्याच्या लोकांच्या कानावर जाईल. मी फोन ठेवला. मग डबी संपत आली तरी तुला सांगितलं नाही. तूही रागात होतास, विचारलं नाहीस. केजला औषधाच्या दुकानात मिळाली असती, पण चिठ्ठीवर नाव लिहावं लागतं आणि दुकानदार अब्बांना ओळखायचा. आधी अर्धी-अर्धी घेतली, मग अकरा दिवस काहीच नाही. माझ्या पिशवीत दोनशे पत्रकं होती, "गोळी एक दिवसही चुकवू नका." ती वाटतच फिरत होते. माझ्यासारखी मूर्ख बाई जिल्ह्यात नसेल.

सत्तावीस नोव्हेंबरला, गुरुवारी, मी हरिबाच्या अंगणात पडले. मॅडम होत्या, आमच्या जीपचा ड्रायव्हर रामहरी होता, वस्तीवरच्या सात-आठ बायका होत्या. हे सगळं मला नंतर कळलं. शुद्धीवर आले तेव्हा नाकाशी चप्पल नव्हती. तोंडात काही नव्हतं. मी कुशीवर होते, डोक्याखाली धनश्रीची घडी केलेली ओढणी होती, आणि साडी नीट केलेली होती. रामहरीला कुणीतरी चप्पल आण म्हटलं, तर ताराबाईने त्याला दटावलं, "खबरदार. हिनंच शिकवलंय आमाला." मी तिला दोन महिन्यांपूर्वी शिकवलेलं सगळं तिने माझ्यावरच केलं. मग माझ्या कपाळावरचे केस मागे सारत म्हणाली, "गेला पाव्हणा. ऊठ आता, हळूच."

मी रडले. लाजेने नाही, सांगते. नऊ वर्षांची असल्यापासून पहिल्यांदा मी पडले होते आणि माझ्यामुळे कुणी दार लावून घेतलं नव्हतं.

रामहरीने जीपमधून घरी आणलं, मोहल्ल्याने पाहिलं, दोन दिवसांत चकलांब्याला पोचलं. मग अम्मीच्या फोनवर तुझा निरोप आला. मी तीनदा ऐकला. "त्यांना सांगा, कामाचा ताण, उपाशी होती, भोवळ आली. शुक्रवारी ते लोक येतील तेव्हा मीच बोलतो. उज्माला आत ठेवा."

मला आत ठेवा.

तर आता काय झालंय ते ऐक. शनिवारी मी टॅब उघडला आणि आपल्या घराचा फॉर्म काढला. "नाही"चं "हो" केलं. यंत्र विचारतं, दुरुस्तीचे कारण लिहा. मी लिहिलं, आधी खोटं सांगितलं होतं. पाच मिनिटांत मॅडमचा फोन आला. मला वाटलं, काढतील. त्या म्हणाल्या, "स्कूटी चालवायची नाही, मी सांगेपर्यंत. गोळ्या तुझ्या नावाने घ्यायच्या. आणि केजच्या प्रशिक्षणाला तूच उभी राहणार." स्कूटी मी खरंच सोडली. तू कधीपासून सांगत होतास, एवढं तुझं ऐकल्यासारखं झालं. गोळ्या काल केजच्या त्याच दुकानातून घेतल्या, चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहून. दुकानदाराने नुसतं अब्बांबद्दल विचारलं, त्यांना जाऊन किती वर्षं झाली म्हणून.

आणि काल लुबनाला समोर बसवून सगळं विचारलं. लग्न तिचं आहे, तुझं-माझं नाही. मी म्हटलं, माझ्यामुळे मोडलं तर? ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते. "आपा, मिर्गी सुनके भागनेवाले घर में मेरेकू जानाइच नै. कल मैं बीमार पडी तो?" आपली लुबना, भाई. तिला तू अजून फ्रॉकमधली समजतोस. मग आम्ही दोघींनी मिळून तिच्या होणाऱ्या सासूला, कामरानच्या अम्मीला फोन लावला. मी म्हणाले, खाला, भोवळ नव्हती, मिरगी होती, नऊ वर्षांची असल्यापासून आहे, परळीहून त्याचसाठी परत आले होते. लुबनाला नाही. ज्या डॉक्टरला विचारायचं त्याला विचारा, मी बरोबर येते. त्या म्हणाल्या, "शुक्रवारी येतो. बघू." एवढंच. मोडेल की टिकेल, मला माहीत नाही. अम्मी कालपासून माझ्याशी बोलत नाही, पण सकाळी तिने माझ्या ताटाशेजारी पाण्याचा ग्लास आणि गोळी ठेवली. ओसरीवर, उघड्यावर.

शुक्रवारी मी बैठकीत बसणार. तू थोरला आहेस, अब्बांच्या जागी आहेस, तुझी खुर्ची तुझीच. ये, भाई. तू यावंस असं मला फार वाटतं. पण भोवळ म्हणायला येणार असशील तर आष्टीलाच थांब. तू एकदा भोवळ म्हणालास की मी तिथेच, पाहुण्यांच्या समोर, तुला खोटं पाडेन. आयुष्यभर तू मला सावरलंस, आणि तुला असं चारचौघांत खाली बघायला लावणं मला जड जाईल. तरी पाडेन.

रामहरी उद्या पाहुण्यांकडे आष्टीला चालला आहे, हे पत्र त्याच्याजवळ देतेय. घरी नाही, दुकानात द्यायला सांगितलंय. पाकिटात घातलं आहे, पण पाकीट मी चिकटवलेलं नाही. रामहरीने वाटेत वाचलं तरी चालेल, तुझ्या कारागिरांनी वाचलं तरी चालेल. हरिबा, ताराबाई, धनश्री ही नावं मी बदलली आहेत, वस्तीचं नाव तर लिहिलंच नाही. आमच्या अभ्यासाचा तो नियमच आहे, रुग्णाने स्वतः परवानगी दिल्याशिवाय त्याचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही.

या पत्रात एका रुग्णाचं नाव खरं आहे. तिने परवानगी दिली आहे.

तुझी बहीण,
उज्मा इसाक शेख